न्यायासनापुढील मूल

एखाद्या समाजाची न्यायबुद्धि पारखावयाची असेल, तर ज्याला मत नाहीं, ज्याला स्वतः वकील नेमतां येत नाहीं, आणि ज्याला आपलें दुःख धडपणें सांगतांहि येत नाहीं, अशा लहान मुलाशीं त्या समाजाचीं न्यायालयें कशीं वागतात, हें पाहावें. आईबापांनीं मुलांचें संगोपन करावें हा सृष्टीचा क्रम होय. परंतु ज्या घरांत मुलाच्या वांट्यास अन्नाऐवजीं मार येतो, जेथें बाप व्यसनांत बुडालेला आणि आई आजारानें वा दारिद्र्यानें खचलेली असते, त्या घरांत राजसत्तेनें पाऊल टाकावें कीं नाहीं? टाकल्यास मुलास उचलून न्यावें, कीं आईबापांस हात द्यावा? आणि हा निर्णय कोणीं, कोणाचें ऐकून व किती दिवसांत करावा? इंग्लंडांत या प्रश्नांचा खल दोनशें वर्षें चालला आहे. आपल्याकडील बालविषयक कायद्यांचें बीज बव्हंशीं तिकडूनच आलें असल्यामुळें, त्या खलाचा इतिहास आपल्या वाचकांस अगदींच परका वाटूं नये.

या इतिहासाच्या आरंभीं एक कवि उभा आहे. शेलेची पहिली पत्नी हॅरिएट हिनें १८१६ सालीं आत्मघात केला. तिच्या पित्यानें दोन्ही नातवंडें शेलेच्या हातीं देण्याचें नाकारलें व प्रकरण चॅन्सरी कोर्टांत लॉर्ड एल्डन यांच्यापुढें गेलें. शेलेचीं नास्तिक मतें आणि त्याचें विवाहविषयक वर्तन यांवर बोट ठेवून एल्डन यांनीं १८१७ सालीं मुलांचा ताबा त्यास नाकारला. शेलेचे चाहते या निकालाबद्दल एल्डन यांस दूषणें देत आले आहेत, आणि तीं सर्वस्वीं अस्थानीं आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. कारण येथें न्यायाधीशानें मुलांच्या हालअपेष्टांपेक्षां बापाच्या विचारांचीच अधिक झडती घेतली. तथापि राजा हा असहायांचा पालक आहे आणि बापाचा हक्क त्या पालकत्वाच्या वर नाहीं, हें तत्त्व या निकालांत स्पष्ट दिसतें. मात्र त्या तत्त्वाचा लाभ कोणास होत असे, तेंहि पाहिलें पाहिजे. नातवंडांचें प्रकरण कोर्टापुढें नेतां यावें म्हणून आजोबांनीं आधीं त्यांच्या नांवें दोन हजार पौंड ठेवले होते. पुढें १८२७ च्या एका खटल्यांत एल्डन यांनींच सांगून टाकलें कीं, निर्धन मुलांसंबंधीं कोर्टाला अधिकार नाहीं असें नव्हे, तो चालविण्यास साधन नाहीं. तात्पर्य, राजाचें पितृत्व गर्भश्रीमंतांच्या मुलांपुरतेंच होतें.

त्या काळीं कायदा एकच प्रश्न विचारी : मूल कोणाचें? आणि त्याचें उत्तरहि ठरलेलें असे : बापाचें. १८३६ सालीं कॅरोलिन नॉर्टन ही लेखिका पतीपासून विभक्त झाली, तेव्हां तिचे तिन्ही मुलगे पतीनें नेले आणि त्यांची भेट मागण्याचाहि हक्क तिला उरला नाहीं. तिनें पत्रकें लिहिलीं, पार्लमेंटच्या सभासदांचीं मनें वळविलीं, आणि टॅल्फर्ड यांनीं पुढाकार घेऊन १८३९ चा कायदा घडवून आणला. सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची मुभा मातेस प्रथमच मिळाली. एवढ्याशा फटींतून पुढें पुष्कळ उजेड आला. १९२५ च्या कायद्यानें तर अशा वादांत मुलाचें कल्याण हीच पहिली व श्रेष्ठ गोष्ट मानावी असें सांगून टाकलें.

गरिबाच्या मुलाकडे लक्ष जाण्यास मात्र फार काळ लागला. गुरांस व घोड्यांस क्रूरपणें वागविणारास शिक्षा करणारा कायदा इंग्लंडांत १८२२ सालीं झाला. पोटच्या मुलास क्रूरपणें वागविणाऱ्या आईबापांविरुद्धचा कायदा १८८९ सालीं! मधल्या सदुसष्ट वर्षांत इंग्लिश गृहस्थाचें घर हा त्याचा किल्ला समजला जात होता, आणि त्या किल्ल्यांत काय चालतें हें विचारणें असभ्यपणाचें होतें. लिव्हरपूल येथें १८८३ सालीं व लंडन येथें १८८४ सालीं बालरक्षक संस्था निघाल्या. बेंजामिन वॉ या पाद्र्यानें प्रकरणामागून प्रकरण लोकांपुढें मांडलें, तेव्हां पार्लमेंट हललें. १८८९ च्या कायद्यानें छळ झालेल्या मुलास न्यायालयाच्या हुकुमानें नातलगाच्या अथवा अन्य 'योग्य व्यक्ती'च्या स्वाधीन करतां येऊं लागलें. १९०८ सालीं बालन्यायालयें स्थापन झालीं, आणि १९३३ च्या कायद्यानें त्यांस मुलाच्या कल्याणाकडे लक्ष देण्याचा आदेश दिला. आतां कायद्याचा प्रश्न बदलला होता : मूल सुरक्षित आहे काय?

परंतु मुलास वाईट घरांतून काढणें आणि चांगल्या घरांत पोंचविणें यांत केवढें अंतर असतें, हें डेनिस ओनीलच्या मृत्यूनें दाखविलें. न्यूपोर्ट येथील एका हलाखीच्या कुटुंबांतील या मुलास न्यायालयानें भावंडांसह आईबापांपासून काढून तेथील नगरसभेच्या स्वाधीन केलें होतें. म्हणजे कायद्यानें आपलें काम केलें होतें. १९४४ च्या उन्हाळ्यांत नगरसभेनें त्याला व त्याच्या धाकट्या भावाला श्रॉपशायर परगण्यांतील एका एकाकी शेतावर पोसण्यासाठीं ठेवलें. ९ जानेवारी १९४५ रोजीं तेथें डेनिस मरण पावला. तो बारा वर्षांचा होता. उपासमारीनें त्याचा देह खंगलेला असून त्याला बेदम मारहाण झालेली होती. न्यायालयांत खरी हकीकत सांगितली ती त्याच्या धाकट्या भावानें.

देश महायुद्धांत गुंतला असतांहि या एका मुलाच्या मृत्यूनें लोक हळहळले. सर वॉल्टर मंक्टन यांच्या चौकशींत कोणी एक दुष्ट अधिकारी सांपडला नाहीं. सांपडले ते अर्धवट भरलेले कागद, पुढें ढकललेल्या भेटी, आणि हें मूल आतां नक्की कोणाच्या देखरेखीखालीं आहे याविषयींचा दोन नगरसंस्थांमधील घोळ. ज्यानें त्यानें दुसऱ्यावर विश्वास टाकला होता. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या 'माउसट्रॅप' या विख्यात रहस्यनाट्यामागें याच घटनेची प्रेरणा होती. नाटकांतील गुन्हेगार शेवटच्या अंकांत सांपडतो. शासनाच्या हलगर्जीपणांतील गुन्हेगार असा हातीं लागत नसतो, आणि म्हणूनच तेथें माणसें बदलण्यापेक्षां व्यवस्था बदलणें अधिक अगत्याचें असतें.

ती बदलण्याची पूर्वतयारी थोडी आधींच झाली होती. लेडी ॲलन यांनीं जुलै १९४४ मध्यें 'टाइम्स' पत्रांत अनाथगृहांतील मुलांच्या स्थितीविषयीं लिहिलेल्या पत्रानें मोठी खळबळ उडाली होती. मिस मायरा कर्टिस यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९४६ सालीं सव्वा लाखाच्या आसपास मुलांच्या स्थितीचा अहवाल सादर केला. सरसकट क्रौर्य आढळलें नाहीं. पण त्या मुलांकडे व्यक्ति म्हणून पाहणारें माणूस बहुतेक ठिकाणीं आढळलें नाहीं. १९४८ च्या कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेंत स्वतंत्र बालसमिति व बालाधिकारी नेमण्याचें बंधन घातलें. मुलास घरापासून तोडणें ही राज्याच्या जबाबदारीची अखेर नसून तिचा आरंभ आहे, हा धडा त्या देशानें असा एका कोवळ्या जिवाचें मोल देऊन घेतला.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे लंबकाचे झोंके होत. १९७३ च्या जानेवारींत ब्रायटन येथें मारिया कोलवेल ही सात वर्षांची मुलगी सावत्र बापाच्या मारानें मेली. ती पांच वर्षांहून अधिक काळ आत्याच्या घरीं सुखानें वाढली होती. आईनें तिला परत मागितलें, स्थानिक संस्थेनें विरोध केला नाहीं, आणि न्यायालयानें तिला परत दिलें. दोन्ही पक्ष एकमत असल्यामुळें तिसरी बाजू कोणी मांडलीच नाहीं, आणि ती तिसरी बाजू मारियाची होती! १९७५ च्या कायद्यानें अशा प्रकरणीं मुलाचा स्वतंत्र प्रतिनिधि नेमण्याची व्यवस्था केली ती यामुळें.

मारियाच्या मृत्यूनंतर समाजसेवक सावध झाले. आणि अतिसावधपणाचा परिणाम १९८७ सालीं क्लीव्हलंड परगण्यांत दिसला. थोड्याच महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचें वैद्यकीय निदान करण्यांत आलें. एकट्या मॅजिस्ट्रेटच्या सहीनें २८ दिवसांपर्यंत चालणारे हुकूम काढून मुलें रुग्णालयांत व परक्या घरीं ठेवण्यांत आलीं, आणि दारांत उभ्या असलेल्या आईबापांस दाद मागण्याची वाट सांपडेना. पुढें बहुतेक मुलें घरीं परतलीं. न्यायमूर्ति एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांनीं १९८८ च्या अहवालांत एका पक्षाला गुन्हेगार व दुसऱ्याला निर्दोष ठरविण्याचा सोपा मार्ग पत्करला नाहीं. अत्याचार होतात हें खरें. आणि मुलास वाचविण्याच्या भरांत त्याचें एक वस्तु बनवून टाकण्यांत येतें हेंहि तितकेंच खरें, असें त्यांनीं दाखवून दिलें.

या दोन्ही धड्यांचें सार १९८९ च्या बालकायद्यांत उतरलें, आणि १४ ऑक्टोबर १९९१ पासून तो अंमलांत आला. मुलाचें कल्याण सर्वश्रेष्ठ. परंतु गंभीर हानि झाल्याचें अथवा होण्याचा संभव असल्याचें सिद्ध झाल्याखेरीज न्यायालयास मूल काढून घेतां येणार नाहीं. हुकूम न केल्यापेक्षां केल्यानें मुलाचें भलें होणार असेल तरच तो करावा. २८ दिवसांच्या जागीं आठ दिवसांचा तातडीचा हुकूम आला. मूल दुसरीकडे ठेवलें तरी आईबापांचें नातें व जबाबदारी संपत नाहीं, असेंहि ठरलें. आणि विलंब हा मुलास बाधक असतो, हें कायद्यानेंच लिहून ठेवलें.

हें शेवटचें कलम आमच्या मतें सर्वांत मार्मिक होय. वयस्क मनुष्यास वर्ष म्हणजे कॅलेंडरांतील बारा पानें. सहा महिन्यांच्या अर्भकास वर्ष म्हणजे चालणें, बोलणें आणि कोणाच्या तरी गळ्यांत विश्वासानें हात टाकणें. तो विश्वास कोणावर टाकावयाचा हेंच जर त्या वर्षांत ठरलें नाहीं, तर निकाल कितीहि विद्वत्तापूर्ण असला तरी तो उशिरा आलेल्या औषधासारखा होतो. कायदा अंमलांत आला तेव्हां अशीं प्रकरणें बारा आठवड्यांत संपतील अशी अपेक्षा होती. २०११ च्या सुमारास त्यांस सरासरीनें वर्षाहून अधिक काळ लागूं लागला होता. तज्ज्ञामागून तज्ज्ञ, अहवालामागून अहवाल, आणि दर तारखेस नवा न्यायाधीश! डेव्हिड नॉरग्रोव्ह यांच्या समितीनें २०११ सालीं या स्थितीचें कठोर परीक्षण केलें. त्यानुसार २०१४ सालीं एकच कौटुंबिक न्यायालय स्थापन झालें आणि प्रकरणें २६ आठवड्यांत संपविण्याची मर्यादा कायद्यानें घातली.

कांहीं वर्षें ती मर्यादा जवळजवळ पाळली गेली. पण पुढें प्रकरणांची गर्दी व २०२० ची महामारी यांमुळें सरासरी पुन्हां चाळीस आठवड्यांच्या वर चढली. शिवाय मर्यादेवर आक्षेपहि आले, आणि ते पोकळ नव्हते. व्यसनांतून सुटूं पाहणाऱ्या मातेस सहा महिने पुरतात काय? घाईनें मूल कायमचें दत्तक देऊन टाकल्यास तें नातें पुन्हां जोडतां येत नाहीं. म्हणूनच २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बजावलें कीं, आईबापांच्या इच्छेविरुद्ध दत्तक देणें हा अन्य कांहींच उपाय उरला नसतांनाचा मार्ग आहे. विलंब क्रूर, तशी घाईहि क्रूर. मग वाट कोणती?

ती वाट लंडनमधील एका न्यायाधीशानें दाखविली आहे असें आम्हांस वाटतें. निकोलस क्रायटन यांच्यापुढें एकाच मातेचीं मुलें एकामागून एक येत आणि एकामागून एक काढून घ्यावीं लागत. मूल वाचे, पण माता होती तेथेंच राही, आणि पुढच्या मुलासह पुन्हां त्याच दारीं येई. जानेवारी २००८ मध्यें त्यांनीं अमेरिकेंतील प्रयोगांच्या धर्तीवर व्यसनग्रस्त आईबापांसाठीं वेगळें न्यायालय सुरू केलें. तेथें आईबाप दर पंधरवड्यास त्याच न्यायाधीशास वकिलांवांचून भेटतात, आणि वैद्य व समाजसेवक यांचें एक पथक त्यांच्या पाठीशीं असतें. ज्यास जमतें त्याचें मूल घरीं येतें; ज्यास जमत नाहीं त्यालाहि आपल्याला संधि मिळाली होती हें कळतें. या न्यायालयांतील माता इतर न्यायालयांतील मातांपेक्षां अधिक प्रमाणांत व्यसनमुक्त झाल्या व मुलांस पुन्हां भेटल्या, असें अभ्यासकांस आढळून आलें. काळ तोच, त्याचा उपयोग निराळा. मर्यादा जितकी कडक, तितकी आईबापांस द्यावयाची मदत पहिल्या दिवसापासून सुरू झाली पाहिजे, हा या प्रयोगाचा बोध होय.

आपल्याकडे १९०८ च्या इंग्लिश कायद्याचें अनुकरण मद्रासेनें १९२० सालीं, बंगालनें १९२२ सालीं व मुंबई इलाख्यानें १९२४ सालीं केलें. १९२७ सालीं मुंबईंत चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली. आज २०१५ च्या केंद्रीय कायद्यानुसार जिल्ह्यांत बालकल्याण समिति असते, आणि तिनें चार महिन्यांत अंतिम आदेश द्यावा असा नियम आहे. संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय समजावा, हें तत्त्वहि कायद्यांत आहे. मूल नातलगांकडे वा स्वतःच्याच घरीं राहावें म्हणून मदत देणारी बालसंगोपन योजना महाराष्ट्रांत आहे. कागदावर आपण इंग्लंडच्या मागें नाहीं. परंतु डेनिस मेला तेव्हां तोहि देश कागदावर मागें नव्हता. आपल्या जिल्ह्यांतील समितीच्या सर्व जागा भरलेल्या आहेत काय, मुलाच्या घरीं प्रत्यक्ष कोणी जाऊन येतें काय, आणि केवळ दारिद्र्यापायीं एखाद्या विधवेचें मूल बालगृहांत धाडलें जात नाहीं ना, हें विचारणें सुशिक्षित नागरिकाच्या हातीं आहे. इंग्लंडांत हे प्रश्न पुष्कळदां प्रेतयात्रा निघाल्यानंतर विचारले गेले. आपण ते आधीं विचारावे, एवढा तरी लाभ दुसऱ्याच्या इतिहासापासून आपणांस व्हावा.