विवाहवय, वसई परिसरातील

स्त्री-पुरुष ज्या वयात विवाहबद्ध होतात, ते विवाहवय. कायद्याने घातलेली किमान मर्यादा व समाजात प्रत्यक्ष आढळणारे विवाहवय या भिन्न बाबी होत. वसई परिसरात (पालघर जिल्हा, २०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) तरुणांचे विवाह का लांबत गेले, हे या दोहोंतील अंतरावरून कळते.

पोर्तुगीज अंमलात (१५३४–१७३९) येथील ख्रिस्ती समाजात चर्चचा विवाहविधी रूढ झाला. त्यात वधूवरांची संमती आवश्यक होती; तथापि किमान वय वराचे १४ व वधूचे १२ एवढेच होते. हिंदू समाजात बालविवाह सर्रास होत. मुंबईच्या रखमाबाईंचा (१८६४–१९५५) विवाह अकराव्या वर्षी झाला. नकळत्या वयात झालेला हा विवाह त्यांनी मानला नाही व पतीने १८८४ मध्ये लावलेला दावा जिद्दीने लढविला. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. १९२९ च्या शारदा कायद्याने किमान विवाहवय वधूचे १४ व वराचे १८ ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे १८ व २१ झाले.

मात्र विवाह लांबण्यास कायद्यापेक्षा आर्थिक स्थिती अधिक कारणीभूत होते. याचे जुने उदाहरण ठाणे जिल्ह्यातील वारली समाजात सापडते. खर्चाअभावी काही जोडपी विधीवाचून संसार थाटीत व लग्न पुष्कळ वर्षांनी लावीत. जे जमीनदाराकडून कर्ज काढून लग्न करीत, त्यांना ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबावे लागे. अशा वेठबिगारांस ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील १९४५ च्या वारली उठावाने या प्रथेवर घाव घातला.

वसईच्या किनारपट्टीवरील बागायतदार कुटुंबांची स्थिती वेगळी होती. केळीच्या व पानवेलींच्या बागांना माणसांचे हात लागत. सून आली की घरचे मनुष्यबळ वाढे आणि नवदांपत्यास निराळ्या घराची गरज नसे. १८६७ मध्ये विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली. १९३६ मध्ये विद्युत्‌गाड्या आल्या. बागेऐवजी पगार हा उपजीविकेचा आधार होऊ लागला, तसे शिक्षण व नोकरी मिळेपर्यंत विवाह थांबू लागला. मुलीही शिकून शिक्षिका, परिचारिका, कारकून झाल्या. पुढे बागांच्या जागी इमारती उठल्या. २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली व २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. जमिनीचे भाव वाढले, वाडवडिलांच्या घराच्या वाटण्या झाल्या आणि स्वतंत्र सदनिका ही विवाहाची जणू पूर्वअट बनली. घरासाठी कर्ज काढण्याची ऐपत येईपर्यंत अनेकांची तिशी जवळ येते.

हा बदल सर्वत्र सारखा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सु. २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाला होता. उशिरा होणारा प्रत्येक विवाह प्रगतीचे लक्षण मानणेही योग्य नव्हे. शिक्षणासाठी स्वेच्छेने लांबविलेला विवाह आणि घराअभावी लांबलेला विवाह जनगणनेच्या तक्त्यात सारखेच दिसतात. विवाह केव्हा व कोणाशी करावयाचा हे ठरविण्याचा जो अधिकार रखमाबाईंनी मागितला, तो पहिल्यात दिसतो. दुसऱ्यात लग्नगड्याची जुनी अडचण नव्या रूपात उभी राहते.