धातकीखंडातली धायटी



अडीच द्वीपांची नावं आपल्याला पाठ असतात: जंबूद्वीप, धातकीखंड, अर्धं पुष्करवर. लवणसमुद्रापलीकडच्या ४ लाख योजन रुंदीच्या त्या द्वीपाला नाव मिळालं धातकी वृक्षावरून. पाठशाळेपासून मी ते घोकत आले. पण धातकी म्हणजे आपली धायटी, हे कळलं चाळिशीत, रोपवाटिकेतली पाटी वाचताना! शास्त्रातला वृक्ष भव्य. ही सह्याद्रीच्या उतारावरची झुडुपवजा. शिशिर सरता सरता फांदीभर लाल, नळीसारखी फुलं.

वुडफोर्डिया हे नाव तिला १८०६ साली मिळालं. आपले वैद्य तिला कितीतरी आधीपासून ओळखतात. आसव-अरिष्टात तिची सुकी फुलं घालतात, त्यांच्यातल्या यीस्टमुळे काढा आंबतो. (सासूबाई म्हणूनच आसवाला हात लावत नसत.) म्हणजे या फुलाचा इतिहास बराचसा खुडण्याचाच.

दहिसरला आमच्या इमारतीच्या वाफ्यात ती तिसऱ्या वर्षी फुलली. शिंजीर आले, मधमाश्या आल्या आणि पाठोपाठ औषध फवारायची मागणीही. मुलांना माशी चावेल म्हणून. मी म्हटलं, पोळं इथे नाहीच, माशी येते ती जेवायला. मध आपण चाखत नाही, मग तिच्या ताटात विष कशाला? बरीच वादावादी झाली. शेवटी फुलं गळेपर्यंत फवारणी थांबली. यंदा पुन्हा बोलावं लागेल.

फुलं मी पूजेलाही खुडत नाही; आमच्याकडे केशरी अक्षता चालतात.