चांदा ते बांदा एकच कुलूप

१० जानेवारी २०२२ पासून राज्यातल्या शाळांना परत कुलूप लागलं. हुकूम १५ फेब्रुवारीपर्यंतचा होता. दहावी-बारावीचं थोडंफार काम सोडलं तर चांद्यापासून बांद्यापर्यंत सगळ्यांना नियम एकच. मुंबईत एका दिवसात वीस हजारांवर रुग्ण निघाले हे खरं आहे, कोणी नाकारत नाही. पण त्या आकड्यापायी जिवतीच्या पहाडावरची दहा-पंधरा लेकरांची शाळाही बंद झाली. अन् हॉटेलं, सिनेमागृहं? ती निम्म्या क्षमतेने सुरू ठेवायला मुभा होती.

शाळा उघडायच्या की नाही, यावर तेव्हा चौकाचौकात वाद चालू होता. बल्लारपुरात बस स्टँडवर ऐका, पेपर मिलच्या गेटवर ऐका, दोन तट पडलेले दिसत. एक म्हणतो, लेकराच्या जिवापेक्षा शाळा मोठी आहे का? दुसरा म्हणतो, पोट्टे दोन वर्षांपासून घरी बसून वाया चालले. दोघांचंही चूक नाही. पण हा वाद काही आजचा नाही. साथ आली की हा प्रश्न दरवेळी येतो, अन् आधीच्या लोकांनी त्यातून काय वाट काढली हे आपण विसरून जातो. म्हणून आज थोडं मागं जाऊ.

ज्या कायद्याखाली मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात निर्बंध सुरू झाले, तो साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. इंग्रजांनी मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी केलेला. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात घरोघर झडत्या झाल्या, माणसं उचलून छावण्यांत नेली, सामान जाळलं. लोकांना विचारायची पद्धतच नव्हती. त्याचा शेवट २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडण्यात झाला. रोगाशी लढायचं सोडून सरकार अन् लोक एकमेकांशी लढत बसले.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, दुसरीही एक गोष्ट घडली. सावित्रीबाई फुले अन् त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका दलित मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, त्यातूनच त्यांना लागण झाली अन् १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पोरींसाठी शाळा काढणारी बाई साथीत एका लेकरासाठी गेली. तिच्या लेखी लेकराचा जीव अन् लेकराची शाळा ही दोन वेगळी खाती नव्हती. २०२२ मध्ये तिच्या जयंतीला, ३ जानेवारीला, १५ ते १८ वर्षांच्या मुलांचं लसीकरण सुरू झालं. चांगली गोष्ट. आठवडाभरात शाळा बंद झाल्या.

प्लेग पुढे कितीतरी वर्षं येत-जात राहिला. साथ आली की लोक गाव सोडून रानात झोपड्या टाकत. शाळा सुटत, परत भरत. साने गुरुजी औंधला शिकत होते, तिथं प्लेग आला अन् त्यांना शिक्षण अर्धं टाकून कोकणात पालगडला घरी यावं लागलं. पुढे ते पुण्याला गेले, तिथं शाळेत नाव घातलं अन् मॅट्रिक झाले. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. पण तिची दुसरी बाजूही बघा. एकदा सुटलेली शाळा परत धरायला अंगात साने गुरुजी असावा लागतो. औंधसारख्या गावांतून तेव्हा घरी गेलेली बाकीची पोरं कुठं गेली, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मग १९१८ चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये मुंबईत आला, सप्टेंबर-ऑक्टोबरात देशभर पसरला. देशात सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, अन् हा प्रांत सगळ्यात जास्त मार खाल्लेल्यांपैकी एक. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. घरात खायला नाही, अन् अंगात ताप.

त्या काळी आपल्याकडे शाळा बंद ठेवायच्या का, यावर रान उठायचं कारणच नव्हतं. शाळेत जाणारी लेकरंच मोजकी होती. प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला तो १९२० मध्ये. शाळा बंद झाली म्हणून गरिबाच्या घरातून काही जायचं नव्हतं, कारण शाळेने त्याच्या घरात अजून काही दिलंच नव्हतं.

पण न्यूयॉर्कमध्ये तेव्हाच हा वाद पेटला होता. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क अन् शिकागो यांनी चालू ठेवल्या. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याचं म्हणणं सरळ होतं : आमची बहुतेक मुलं दाटीवाटीच्या चाळींत राहतात. घरापेक्षा शाळेत हवा जास्त, उजेड जास्त. शाळेत रोज नर्स येते, डॉक्टर तपासतो. मूल आजारी दिसलं तर त्याच दिवशी कळतं. घरी ठेवलं तर रस्त्यावर खेळेल, अन् आजारी पडलं तर कोणाला कळणार नाही. त्यावर तेव्हाही टीका झाली. पण विचार करायची रीत बघा. त्यांनी शाळेत धोका किती एवढंच विचारलं नाही. शाळेत नसलं तर मूल कुठं असेल, हेही विचारलं.

आपल्याकडे हा दुसरा प्रश्न कोणी विचारला? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आपली लेकरं कुठं होती? मोहफुलाचा हंगाम होता, मग तेंदूपत्त्याचा आला. चंद्रपूर-गडचिरोलीचे हजारो मजूर तेलंगणात मिरची तोडायला गेले होते, ते तिथंच अडकले अन् रानावनातून पायी परतले. छत्तीसगडची बारा वर्षांची एक मुलगी अशीच मिरचीच्या शेतातून घरी चालत येताना एप्रिल २०२० मध्ये वाटेत मेली. देशभर बातमी झाली. बारा वर्षांची मुलगी मिरचीच्या शेतात का होती, यावर चर्चा दोन दिवसही टिकली नाही.

१९३७ ची आणखी एक गोष्ट सांगतो. शिकागोत पोलिओची साथ आली म्हणून शाळा उशिरा सुरू करायचं ठरलं. तेव्हा तिथल्या शिक्षकांनी रेडिओवरून धडे दिले, वर्तमानपत्रांनी वेळापत्रक अन् प्रश्न छापले. कौतुक झालं. पण ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता किंवा नीट लागत नव्हता, ती मुलं मागं राहिली, ही तक्रार तेव्हाही होती. तिथं हे जवळपास तीन आठवडे चाललं. आपल्याकडे वीस महिने चाललं.

आपणही प्रयत्न केले, ते नाकारायचं नाही. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणून व्हॉट्सॲपवर अभ्यास आला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली. आकाशवाणी नागपूरवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ आली. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. आपल्याकडचे कितीतरी गुरुजी अन् मॅडम झाडाखाली, ओट्यावर चार-चार पोरं घेऊन बसले. त्याच शिक्षकांना नाक्यावर अन् सर्वेक्षणाच्या ड्युट्याही लागल्या होत्या.

पण मोबाईल म्हणजे शाळा नव्हे. ‘असर’च्या २०२१ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन सापडला. म्हणजे तिघांत एकाकडे नाहीच. अन् ज्यांच्या घरी आहे, त्यातल्याही चौघांत एकाला तो हाताळायला मिळत नव्हता. बाप कामावर गेला की मोबाईल त्याच्या खिशात जातो. वरून जिवती, भामरागड, एटापल्लीकडे टॉवरच सापडत नव्हता, तिथं लिंक पाठवून काय उपयोग होता?

आता हिशेब मांडा. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं लेकरू जानेवारी २०२२ मध्ये दुसरीत होतं. पहिलीपासूनच्या वर्गांना राज्याने परवानगी दिली १ डिसेंबर २०२१ ला, अन् १० जानेवारीला परत बंद. म्हणजे या लेकराने दोन वर्षांत जास्तीत जास्त चाळीस दिवस शाळा पाहिली, त्यातही रविवार अन् सुट्ट्या धरून. जून २०२२ मध्ये ते तिसरीत बसणार होतं अन् गुरुजी त्याच्यापुढं तिसरीचं पुस्तक उघडणार होते.

१९१८ च्या अन् आजच्या शाळेत मोठा फरक आहे. मधल्या शंभर वर्षांत गरिबाने शाळेतून बरंच काही मिळवलं. १९९५ मध्ये पोषण आहार योजना आली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्या म्हणून आदेश दिला. आदिवासी लेकरांसाठी आश्रमशाळा झाल्या, तिथं राहणं-खाणं आलं. मानव विकास मिशनच्या बसमध्ये बसून खेड्यातली मुलगी आठवीच्या पुढं शिकायला लागली. शाळेत वजन मोजतात, जंताची गोळी देतात. मुलगी शाळेत जाते तोवर तिच्या लग्नाची बोलणी करायला घरचेही थोडे थांबतात. शाळा बंद म्हणजे हे सगळं बंद. कोरडा तांदूळ घरी पोचवला म्हणजे भरपाई झाली असं होत नाही. तो तांदूळ सगळं घर खातं.

अन् आपल्या जिल्ह्याचं तर वेगळंच. २०१५ पासून असलेली दारूबंदी उठवायचा निर्णय मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ ला घेतला. एप्रिलमध्ये चंद्रपुरात बेड मिळत नव्हते, लोक रुग्णाला गाडीत घालून तेलंगणात नेत होते, त्यानंतर महिनाभरातली ही गोष्ट. ५ जुलैला दुकानं उघडली. दारूबंदी असावी की नसावी हा वेगळा विषय, त्यावर भांडू कधीतरी. पण ५ जुलैला आपल्या जिल्ह्यात दारूचं दुकान उघडं होतं अन् पहिलीचा वर्ग बंद होता, ही नोंद इतिहासात राहील.

त्याच जुलैत सरकारने एक शहाणपणाची गोष्टही केली होती. ज्या गावात महिनाभर एकही कोरोना रुग्ण नाही, तिथं ग्रामपंचायतीने ठराव करावा, सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती बसावी, त्यात तलाठी, मुख्याध्यापक, डॉक्टर, शाळा व्यवस्थापन समिती असावी, पालकांची संमती घ्यावी अन् आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करावेत. एका बाकावर एक मूल, वर्गात पंधरा-वीस. १५ जुलैपासून अशा शाळा उघडल्या. सगळीकडे जमलं असं नाही, पण रीत बरोबर होती. ज्याचं लेकरू, ज्याचं गाव, त्याने ठरवायचं अन् जबाबदारीही घ्यायची.

ही रीत आपल्या भागाला नवी नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं मेंढा (लेखा) गाव गडचिरोलीतच आहे. अख्ख्या जंगलाचा कारभार ग्रामसभा करू शकते, तर शाळेचं कुलूप केव्हा उघडायचं हे तिला ठरवता येणार नाही का?

जानेवारी २०२२ मध्ये ही रीत विसरली गेली. परत वरून एकच हुकूम. १८९७ चा कायदा वापरायला हरकत नाही, पण १८९७ ची सवय का वापरायची?

आता उलट बाजू. भीती खोटी नाही. लेकरू शाळेतून ताप घेऊन आलं अन् घरात म्हातारी आजी असेल तर काय, हा प्रश्न खरा आहे. दुसऱ्या लाटेत आपण माणसं गमावली होती, कित्येक घरांत तो फोटो तेव्हा अजून नवा होता. म्हणून मी सगळीकडे सरसकट उघडा म्हणत नाही. बल्लारपूर शहरात रुग्ण वाढले तर शहरातले वर्ग आठवडाभर थांबवा. पण त्यासाठी कोठारीला अन् पळसगावला का थांबवता? खालचे वर्ग आधी उघडा, कारण मोबाईलवर सगळ्यात कमी शिकतं ते लहान पोर. डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्ये लहानांनाच आधी शाळेत आणलं होतं. खिडक्या उघडा, मैदानात, झाडाखाली बसवा. आपल्याकडे जागेला तोटा आहे का?

अन् एक लक्षात ठेवा, नुसतं कुलूप काढून भागणार नाही. एसटीचा संप नोव्हेंबर २०२१ पासून चालूच होता. शाळा उघडली तरी खेड्यातली मुलगी तालुक्याला येणार कशी, याचं उत्तर त्याच आदेशात पाहिजे होतं.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आहेत, अन् समितीत निम्म्या बाया. ही समिती फक्त १५ ऑगस्टला झेंड्याजवळ फोटो काढायला नाही. या आठवड्यात बैठक बोलवा. गावात रुग्ण किती, लस किती जणांनी घेतली, किती लेकरं कामाला लागली, किती पोरी घरी बसल्या, हे कागदावर मांडा. ठराव करा अन् गटशिक्षणाधिकारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी यांच्याकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका.

प्लेगच्या वेळी घरी गेलेल्या पोरांची यादी कुणी ठेवली नाही. यावेळची यादी आपल्या गावातच आहे, शाळेच्या हजेरीपटावर. ती एकदा घराघरात नेऊन ताडून बघा.