युरेनिया कॉटेजविषयीचा डिकन्स यांचा पत्रव्यवहार

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स (१८१२–१८७०) यांनी दानशूर अँजेला बर्डेट-कूट्स (१८१४–१९०६) यांना ‘युरेनिया कॉटेज’ या स्त्रियांच्या आश्रमगृहाविषयी लिहिलेली पत्रे म्हणजे हा पत्रव्यवहार होय. व्हिक्टोरियन काळातील समाजसुधारणेच्या अभ्यासासाठी तो मोलाचा मानला जातो.

पार्श्वभूमी
बर्डेट-कूट्स यांना १८३७ मध्ये कूट्स बँकेच्या घराण्यातील मोठी संपत्ती वारशाने मिळाली होती. वेश्याव्यवसायात ओढल्या गेलेल्या व तुरुंगातून सुटलेल्या स्त्रियांसाठी आश्रमगृह काढण्याची सविस्तर योजना डिकन्स यांनी २६ मे १८४६ च्या पत्रात त्यांच्यापुढे मांडली. नोव्हेंबर १८४७ मध्ये लंडनच्या शेफर्ड्‌स बुश भागात हे गृह सुरू झाले. खर्च बर्डेट-कूट्स करीत; व्यवस्था मुख्यत्वे डिकन्स पाहत.

पत्रांतील विषय
अधीक्षिकांची नेमणूक, तुरुंगाधिकाऱ्यांनी सुचविलेल्या मुलींची निवड, शिस्त आणि दैनंदिन खर्च यांची चर्चा पत्रांत आढळते. चोरी, भांडणे, पलायन अशा प्रसंगांचे वृत्तांतही त्यांत आहेत. चांगल्या वर्तनासाठी गुण देण्याची पद्धत अलेक्झांडर मॅकोनोकी यांच्या तुरुंगसुधारणेतून घेतली होती. वाचन, लेखन, शिवण व स्वयंपाक शिकवून स्त्रियांना ऑस्ट्रेलियासारख्या वसाहतींत पाठविले जाई.

दोघांत मतभेदही होते. स्थलांतरानंतर या स्त्रियांनी विवाह करून संसार थाटावा, अशी डिकन्स यांची अपेक्षा होती; बर्डेट-कूट्स त्याविषयी साशंक होत्या. स्त्रियांचे कपडे रंगीत असावेत, असाही डिकन्स यांचा आग्रह असे. शिक्षेपेक्षा आशेने माणूस सुधारतो, हे त्यामागील सूत्र होते. तथापि गृहातील देखरेख कडक होती आणि पूर्वायुष्याविषयी बोलण्यास स्त्रियांना मनाई होती.

मर्यादा
हा पत्रव्यवहार बव्हंशी एकतर्फी उरला आहे. डिकन्स यांनी १८६० मध्ये आपल्याला आलेली बहुतेक पत्रे जाळून टाकली. स्त्रियांनी सांगितलेल्या जीवनकथा ते एका वहीत नोंदवीत. ती वहीही आज उपलब्ध नाही. त्यामुळे ज्यांच्यासाठी हे गृह होते, त्या स्त्रियांचे अनुभव प्रामुख्याने व्यवस्थापकाच्याच शब्दांत वाचावे लागतात.

उत्तरकाळ व प्रकाशन
डिकन्स यांनी १८५३ मध्ये आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात गृहावर निनावी लेख लिहिला. त्यानुसार तोवर ५६ स्त्रियांना प्रवेश मिळाला होता. १८५८ मध्ये डिकन्स पत्नीपासून विभक्त झाले. त्यानंतर बर्डेट-कूट्स यांच्याशी असलेला त्यांचा स्नेह ओसरला व गृहाशी संबंधही संपला. एडगर जॉन्सन यांनी बर्डेट-कूट्स यांना लिहिलेल्या पत्रांचे संपादन १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे डिकन्स यांच्या समग्र पत्रांच्या १२ खंडांतही (१९६५–२००२) ती समाविष्ट झाली.