वंचित समूहांसाठी समुपदेशन

जात, वर्ग, लिंगभाव, लैंगिक कल, धर्म, वंश, अपंगत्व किंवा स्थलांतर यांमुळे समाजात दुय्यम स्थान वाट्याला आलेल्या व्यक्तींना मानसिक आधार देताना समुपदेशनाचे सिद्धांत त्यांच्या परिस्थितीनुसार वापरण्याची पद्धती. दुःखाचा किती भाग माणसाच्या विचार-भावनांत आहे आणि किती भाग त्याच्यावर होणाऱ्या अन्यायात आहे, हे समुपदेशनार्थीच्या बरोबरीने तपासणे हा या पद्धतीचा गाभा आहे. ही वाटणी चुकली, तर समुपदेशन म्हणजे अन्याय निमूटपणे सोसण्याचे शिक्षण ठरते.

इतिहास : अमेरिकेतील बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. गरीब आणि स्थलांतरित कुटुंबांतील तरुण-तरुणी तेथे येत. समुपदेशनाची सुरुवात अशी श्रमिक वस्तीत झाली असली, तरी त्याचे प्रमुख सिद्धांत पुढे मुख्यतः युरोप-अमेरिकेतील गोऱ्या मध्यमवर्गीयांच्या अनुभवांवर उभे राहिले. सी. गिल्बर्ट रेन यांनी १९६२ मध्ये आपल्याच संस्कृतीच्या कोषात बंद राहणाऱ्या समुपदेशकावर टीका केली. १९६८ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी स्वतंत्र संघटना स्थापन केली. डेराल्ड विंग सू आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये समुपदेशकाच्या सांस्कृतिक क्षमतेची तीन अंगे मांडली : स्वतःच्या पूर्वग्रहांचे भान, समोरच्याच्या जगाचे ज्ञान आणि त्यानुसार वापरायची कौशल्ये. १९९२ मध्ये या चौकटीला सविस्तर रूप मिळाले, तर २०१५ च्या सुधारित आराखड्यात सामाजिक न्यायासाठी कृती करणे हेही समुपदेशकाचे काम मानले गेले.

अमेरिकेबाहेरही असा विचार चालू होता. फ्रांझ फॅनन यांनी अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात काम करताना वसाहतवाद आणि मानसिक आजार यांचा संबंध उलगडला. एल साल्वादोरमधील मानसशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू इग्नासिओ मार्टिन-बारो यांनी मुक्तिदायी मानसशास्त्राची मांडणी केली. १९८९ मध्ये तेथील सैनिकांनी त्यांची हत्या केली. त्याच वर्षी किंबर्ले क्रेनशॉ यांनी वंश आणि लिंगभाव यांवर आधारित भेदभाव एकमेकांत कसे गुंततात हे दाखवले. दलित स्त्रीचा अनुभव दलित पुरुषाच्या आणि सवर्ण स्त्रीच्या अनुभवांची केवळ बेरीज नसतो, हे समजून घ्यायला त्यांची संकल्पना उपयोगी पडते.

सिद्धांतांचा वापर : प्रत्येक सिद्धांताचे बळ राखून त्याची गृहीतके तपासावी लागतात.

(१) व्यक्तिकेंद्रित पद्धती. कार्ल रॉजर्स यांनी निरपेक्ष स्वीकार, समानुभूती आणि समुपदेशकाचा सच्चेपणा यांना बदलाचा पाया मानले. आयुष्यभर हेटाळणी सोसलेल्या माणसाला या स्वीकाराची सर्वाधिक गरज असते. मात्र समुपदेशकाने सल्ला न देता केवळ ऐकत राहावे, ही अपेक्षा सगळीकडे लागू पडत नाही. भारतीय मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरू-चेला नात्याचा उपचारासाठी विचार केला आणि येथे मदत मागणारा मार्गदर्शनाचीही अपेक्षा ठेवतो याकडे लक्ष वेधले. रोजंदारी बुडवून आलेल्या बाईला पहिल्याच भेटीत हाती काहीतरी लागले पाहिजे. तिला रेशनकार्डाची किंवा पोलीस ठाण्यात कसे बोलावे याची माहिती देणे हेही समुपदेशनच आहे. त्याच वेळी गुरूपणाची सत्ता आपल्या हाती एकवटणार नाही, ही काळजी समुपदेशकाने घ्यायची असते.

(२) बोधात्मक आणि विवेकनिष्ठ पद्धती. अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक यांच्या पद्धतींत त्रासदायक विचारांची छाननी केली जाते. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. वंचितांबाबत या पद्धतीत सर्वांत मोठी चूक छाननीच्या पहिल्याच पायरीवर होते. राखीव जागेवर प्रवेश मिळालेला विद्यार्थी ‘वर्गातले सगळे मला कमी लेखतात’ असे म्हणतो, तेव्हा त्या विचाराला लगेच ‘विकृत’ ठरवले, तर खऱ्या अपमानाची साक्षच पुसली जाते. आधी वस्तुस्थिती विचारायची : कोण, काय, केव्हा बोलले; गुण आणि आडनाव कोणी चारचौघांत विचारले; वसतिगृहात काय घडले. ‘ते मला कमी लेखतात’ हे विधान खरे असू शकते. वाद घालायचा तो ‘म्हणून मी कमी आहे’ या निष्कर्षाशी. माणसाची किंमत इतरांच्या मूल्यमापनावर ठरत नाही, हा एलिस यांचा आग्रह येथे फार मोलाचा ठरतो. विचार सावरल्यावर उरलेल्या अन्यायासाठी महाविद्यालयातील तक्रार यंत्रणा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा यांची माहिती द्यायची असते.

(३) कथनात्मक पद्धती. ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९८० च्या दशकात ती विकसित केली. माणूस म्हणजे समस्या नव्हे, समस्या त्याच्यापासून वेगळी आहे, या धारणेवर ती उभी आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरीही पारध्यांसारख्या विमुक्त जमातींच्या तरुणांकडे आजही संशयाने पाहिले जाते. अशा तरुणाने खाकी वर्दी पाहून घाबरणे हे आजाराचे लक्षण नाही, तो समाजाच्या अनुभवातून आलेला सावधपणा आहे. शिक्का कोणी मारला, त्याने कुटुंबाचे काय केले आणि कुटुंबाने त्याला तोंड कसे दिले, हे सांगता सांगता माणूस स्वतःची ओळख त्या शिक्क्यातून सोडवू लागतो.

(४) स्त्रीवादी पद्धती. घरातील हिंसेकडे ती ‘नवरा-बायकोचे भांडण’ म्हणून न पाहता सत्तेचा प्रश्न म्हणून पाहते. हिंसा चालू असताना दोघांना समोरासमोर बसवून ‘समजुतीने घ्या’ सांगणे ती नाकारते. मारहाणीचा दोष बाईकडे नाही हे स्पष्ट सांगणे, तिच्या सुरक्षिततेची योजना आखणे आणि राहायचे की निघायचे हा निर्णय तिच्याकडेच ठेवणे, ही तिची सूत्रे आहेत. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रिया व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये ‘सेहत’ संस्था आणि मुंबई महानगरपालिका यांनी ‘दिलासा’ केंद्र उभे केले. तेथे रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनाच समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले गेले. ‘पाय घसरून पडले’ म्हणत उपचाराला आलेली बाई त्यामुळे त्याच इमारतीत आधारापर्यंत पोहोचू शकते.

(५) समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी होकारात्मक पद्धती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी २०२१ मध्ये समलिंगी संबंधांविषयीच्या एका खटल्याचा निकाल देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडून विषय समजून घेतला आणि आपले पूर्वग्रह जाहीरपणे मान्य केले. लैंगिक कल ‘सुधारण्या’च्या प्रयत्नांवर त्यांनी बंदी घालण्याचे आदेश दिले. समुपदेशकाला हवी असलेली आत्मपरीक्षणाची शिस्त या उदाहरणात दिसते. घाबरलेले आई-वडील मुलाला घेऊन येतात, तेव्हा मुलाला बदलण्याची मागणी न स्वीकारता आई-वडिलांच्या भीतीवर आणि ‘लोक काय म्हणतील’ या दडपणावर काम करायचे असते.

परिणामकारकता : तज्ज्ञांची संख्या अपुरी असलेल्या ठिकाणी प्रशिक्षित स्थानिक व्यक्ती प्रभावी समुपदेशन करू शकतात, याचे चांगले पुरावे आहेत. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम राबवला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मनाला बरे वाटण्याची वाट न पाहता अर्थपूर्ण कामे हळूहळू पुन्हा सुरू करायची, या वर्तनात्मक तंत्रावर तो आधारलेला होता. नेहमीच्या उपचारांना या समुपदेशनाची जोड मिळालेल्या रुग्णांत सुधारणा अधिक दिसली. झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा यांच्या प्रकल्पात आज्या दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून समस्या सोडवण्याचे तंत्र शिकवतात. नैराश्याला त्या ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे, हा शोना भाषेतील शब्द वापरतात. हरारेतील चाचणीत ही पद्धत उपयुक्त ठरल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही ठिकाणी तंत्र बाहेरून आले, पण भाषा, जागा आणि माणसे तिथलीच होती.

कायदेशीर आधार : भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार कोणाचा सामाजिक-आर्थिक दर्जा किंवा सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक गटाचे सदस्यत्व यांवरून मानसिक आजाराचे निदान करता येत नाही. जात, धर्म, वर्ग, लिंग, लैंगिक कल किंवा अपंगत्व यांवरून सेवेत भेदभाव करण्यासही तो मनाई करतो.

मर्यादा आणि आक्षेप : समूहाविषयीचे ज्ञान साचेबंद झाले, तर तोच नवा पूर्वग्रह ठरतो. प्रत्येक आदिवासी मुलगी सारखी नसते, आणि तिला जातीबद्दल किंवा जमातीबद्दल बोलायचेच असेल असेही नाही. बोलण्याची मुभा समुपदेशकाने द्यावी, सक्ती करू नये. समुपदेशक त्याच समाजातील असावा का, यावर मतभेद आहेत. समान अनुभवामुळे विश्वास लवकर बसतो, पण लहान समाजात गोपनीयतेची भीतीही वाढते. राजकीय प्रश्न उपचाराच्या खोलीत आणू नयेत, असाही एक आक्षेप आहे. परंतु जातीबद्दल किंवा घरातील मारहाणीबद्दल मौन पाळणारा समुपदेशक तटस्थ राहत नाही. त्याच्या मौनाचा लाभ वरच्या बाजूला असलेल्यालाच मिळतो. म्हणून समुपदेशकांच्या प्रशिक्षणात जात आणि लिंगभाव हे ऐच्छिक विषय न राहता प्रत्येक सिद्धांताबरोबर शिकवले जाणे, गोंडी, भिली, कोरकूसारख्या भाषांत बोलणारे समुपदेशक तयार होणे आणि वंचित समाजांतील विद्यार्थ्यांना या व्यवसायात शिष्यवृत्ती व पर्यवेक्षण मिळणे, या तीन गोष्टी भारतात या पद्धतीच्या वाढीसाठी अत्यावश्यक आहेत.