उतरायचं कुठं?

बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी करणारी तरुण मंडळी अधूनमधून भेटतात. कविता वाचणारी थोडी, पण गप्पांना बसणारी पुष्कळ. कंपनीच्या कामासाठी त्यांना मुंबईला जावं लागतं, कुणाला सिंगापूरला, कुणाला बँकॉकला. मग एक प्रश्न हमखास येतो : “चाचा, खर्च कंपनीचा आहे. चांगलं पण शांत हॉटेल कसं निवडायचं?” मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पंचतारांकित हॉटेलांचा सल्ला देण्याची माझी योग्यता नाही. पण या प्रश्नाच्या मागे एक मोठा इतिहास आहे, आणि तो सांगण्यासारखा आहे.

आमच्या लहानपणी प्रश्न वेगळा होता. दौंडला गाडी बदलून मुंबईला निघालेल्या माणसाला लोक विचारायचे, “कुणाकडं उतरणार?” हॉटेलचं नावच नसायचं. ‘उतरणं’ हा आपल्या भाषेतला सुंदर शब्द आहे. घोड्यावरून, बैलगाडीतून माणूस उतरला, की जिथं उतरला तो त्याचा उतारा. म्हणूनच प्रवाशाला आपण ‘उतारू’ म्हणतो. ‘मुक्काम’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि इतका आपला झाला, की पत्रावर ‘मुक्काम पोस्ट’ लिहिताना तो कुठून आला हे कुणाला आठवत नाही.

आपला बारामती-इंदापूरचा टापू तर मुक्कामाचाच. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता इंदापुरातून जातो. तुकोबांची पालखी दर आषाढीला बारामतीत आणि इंदापुरात मुक्कामाला असते. हजारो माणसं गावात येतात आणि ओसरीत, देवळात, शाळेत, मांडवात झोपतात. शांतता मिळत नाही, कुणी मागतही नाही. दिवसभर चाललेल्या वारकऱ्याला टाळांच्या आवाजातही झोप लागते.

जुन्या राजवटींनीही वाटसरूची सोय पाहिली. सोळाव्या शतकात शेरशाह सुरीनं आपल्या मोठ्या रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराया बांधल्या, असं त्याचा चरित्रकार अब्बास खान सरवानी सांगतो. हिंदू आणि मुसलमान वाटसरूंसाठी राहण्याची वेगवेगळी व्यवस्था, हिंदूंच्या पाण्या-जेवणासाठी ब्राह्मण नेमलेले, घोड्यांना दाणा. थकलेल्या माणसाला छप्पर मिळावं, हा सरकारच्या कामाचा भाग होता. मात्र कोण कुठल्या खोलीत, हा प्रश्न तिथंही होताच. तो पुढं आपली पाठ सोडणार नव्हता.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपातून आशियात येणाऱ्या बोटींची वाट जवळची झाली. बंदरांच्या शहरांत गोऱ्या उतारूंसाठी मोठमोठी हॉटेलं उभी राहिली किंवा वाढली. कोलंबोचं गॉल फेस हॉटेल १८६४ चं, म्हणजे कालव्याच्याही आधीचं. सिंगापूरचं रॅफल्स १८८७ चं. ते काढणारे सार्कीज बंधू आर्मेनियन होते. बँकॉकचं ओरिएंटल चाओ फ्राया नदीच्या काठावर. या तीन जागा नकाशावर पाहा. कुणी समुद्रासमोर, कुणी नदीवर, आणि रॅफल्स त्या काळी किनाऱ्याला लागून. पुढं भर घालून समुद्र मागं हटवला, ती गोष्ट वेगळी. गजबजलेल्या शहरात शांतता हवी तर एक बाजू पाण्याकडं ठेवायची, हे त्या हॉटेलवाल्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुंबईतलं त्या काळचं नामांकित हॉटेल म्हणजे काळा घोड्याजवळचं वॉटसनचं एस्प्लनेड हॉटेल. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतला आणि बोटीनं इथं आणून जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचा सिनेमा हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवला गेला, तो इथंच. त्याच वर्षाच्या सुरुवातीला या हॉटेलात अमेरिकन लेखक मार्क ट्वेन उतरला होता. त्याचं प्रवासवर्णन १८९७ मध्ये प्रसिद्ध झालं. शांत हॉटेल शोधणाऱ्यानं त्यातलं मुंबईचं प्रकरण जरूर वाचावं.

ट्वेनला काय आढळलं? उजाडायच्या आधीच हॉटेलात गलका सुरू. दारं आपटणं, हाका, नोकरांची धावपळ, आणि त्यावर कडी म्हणजे मुंबईचे कावळे. कावळ्यांवर तर त्यानं पानंच्या पानं लिहिली आहेत. उत्तम खोली, भरपूर नोकर, आणि झोपेचं खोबरं!

पण त्याच प्रकरणात आणखी एक प्रसंग आहे. खोली दाखवताना काहीतरी किरकोळ काम राहिलं होतं. सोबतच्या धिप्पाड जर्मन माणसानं काय चुकलं हे न सांगताच एका हिंदी नोकराच्या थोबाडीत मारली. नोकर काहीही बोलला नाही. त्यानं मुकाट्यानं मार सोसला आणि कामाला लागला. ट्वेनला एकदम आपलं बालपण आठवलं. मिसुरी राज्यात गुलामांना असंच मारलेलं त्यानं पाहिलं होतं. एका माणसानं क्षुल्लक कारणावरून आपल्या गुलामाचा जीव घेतला, तेही त्याला आठवलं. त्या हॉटेलातला सगळा गोंगाट ट्वेननं मिश्कीलपणे टिपला. त्या नोकराची शांतता मात्र त्याला हसण्यावारी नेता आली नाही. मी ते प्रकरण वाचतो तेव्हा कावळे विसरतो आणि तो न बोललेला माणूस लक्षात राहतो. वॉटसनची ती इमारत पुढं एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली गेली आणि मोडकळीला आली.

१६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झालं. जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. अभ्यासकांना ती पटत नाही. खरी गोष्ट अशी, की हिंदी माणसाच्या पैशातून, हिंदी माणसाच्या कल्पनेतून ते हॉटेल उभं राहिलं. आराखड्याचं काम सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचं आणि डी. एन. मिर्झा यांचं, पूर्ण केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. विजेचे दिवे, जर्मन लिफ्ट, अमेरिकन पंखे, तुर्की हमाम. आणि जमशेटजी? हॉटेल सुरू झाल्यावर पाचच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये ते वारले.

ताजबद्दल आणखी एक दंतकथा आहे : नकाशा उलटा वाचल्यामुळं इमारत उलटी बांधली गेली, आणि ते पाहून वास्तुशिल्पकारानं जीव दिला. ही निव्वळ लोककथा. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं, जिथं आज पोहण्याचा तलाव आहे. घोडागाड्यांची ये-जा, सामान, हमाल सारं तिकडं. समुद्राची बाजू खोल्यांना दिली होती. म्हणजे धंद्याचा गोंगाट एका अंगाला आणि वारा-शांतता दुसऱ्या अंगाला. आजच्या तरुणानं यातून एवढं घ्यावं : हॉटेलचा दर्शनी भाग किती भव्य, हे पाहू नये. आपल्या खोलीची खिडकी कुठं उघडते, ते विचारावं.

आता आपली माणसं कुठं उतरत होती ते पाहू. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात सरदारगृह आहे. मुंबईला आले की लोकमान्य टिळकांचा मुक्काम तिथं असे, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथंच. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर माणसांचा समुद्र लोटला होता. सरदारगृहाची महती शांततेमुळं नव्हती. तिथं सतत माणसं येत, खलबतं होत, पत्रं लिहिली जात.

त्याच परिसरात साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे, हजला निघालेल्यांसाठी बांधलेला. १९९५ पर्यंत मुंबईहून हजची बोट सुटायची. आमच्याकडची बुजुर्ग मंडळी बोटीची वाट पाहत मुंबईत काही दिवस काढत. ट्रंक, वळकटी, भाकऱ्यांची चवड, लोणच्याची बरणी. पोचवायला गावातली माळी, मराठा, धनगर शेजारीही जात. एका खोलीत दहा-बारा माणसं, कुणी तस्बीह ओढतंय, कुणी घोरतंय, कुणाचं मूल रडतंय. परत आलेल्या माणसाला कुणी “झोप लागली का?” असं विचारल्याचं मला आठवत नाही. सोबत होती, हेच पुरेसं होतं.

आणि याच्या अगदी उलट गोष्ट आहे १९१७ सालची, बडोद्याची. परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. उतरायचं कुठं? हिंदू हॉटेलात जात विचारणार. शेवटी एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथं फक्त पारशांनाच जागा. रखवालदारानं तोड काढली : नोंदवहीत पारशी नाव घाला, दिवसाला दीड रुपया द्या. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, लागून नळाची न्हाणी. बाहेर मोठा दिवाणखाना, मोडक्या खुर्च्या-बाकांनी भरलेला. दुसरा एकही उतारू नाही. विजेचा दिवा नाही. रखवालदार रात्री एक कंदील आणून देई. वटवाघळांची फडफड तेवढी ऐकू येई. याहून शांत जागा त्या शहरात सापडली नसती. आणि बाबासाहेब लिहितात, की तिथं आपल्याला अंधारकोठडीत असल्यासारखं वाटे, माणसाच्या सोबतीसाठी जीव तळमळे. तरी छप्पर तर आहे, म्हणून ते दिवस काढत होते.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाला नोकर सोडून जातील याची धास्ती, दुसऱ्याला घरातल्या सोवळ्याची अडचण. बाबासाहेब बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. ही हकीकत त्यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात आहे. १९९० मध्ये ते पुस्तिकारूपानं प्रसिद्ध झालं. कोलंबियात शिकलेला तो विद्वान. त्याच्याकडं भाडं होतं, खोली होती, निवांतपणाही होता. नव्हती ती एकच गोष्ट : स्वतःचं नाव लिहून तिथं राहण्याची मुभा.

या एका ओळीसाठी मी एवढा इतिहास सांगितला. मुंबईतल्या एका लॉजवर मी फोन केला होता. माझं मराठी ऐकून मालक खूश. खोली पक्की झाली. पोचल्यावर रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, तर खोली ‘नुकतीच गेली’ होती. मी वाद घातला नाही. बाबासाहेबांच्या अनुभवापुढं माझा अनुभव मुंगीएवढा. पण त्या रात्री दुसरीकडं मिळालेली खोली पुष्कळ शांत असूनही मला झोप लागली नाही, हे खरं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मोठ्या हॉटेलांच्या दारात तपासणी आली. ती असायलाच हवी. त्या रात्री ताजमधल्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना वाचवलं. त्यात काहींनी स्वतःचे प्राण गमावले. वॉटसनमधला मार खाणारा नोकर आणि ताजमधले हे कर्मचारी, यांच्यात शंभराहून अधिक वर्षांचं अंतर आहे. पाहुण्याची झोप मात्र दोन्हीकडं त्यांच्याच जिवावर. ताज २०१० मध्ये पूर्णपणे पुन्हा उभं राहिलं.

आता सल्ला. खोली रस्त्याच्या मागच्या बाजूची मागा. लिफ्ट आणि स्वयंपाकघरापासून लांबची घ्या. खाली लग्नाचा हॉल किंवा लॉन आहे का, आणि त्या दिवशी तिथी आहे का, हे आधी विचारा. आपल्या बारामतीत पिआज्जो आणि फेरेरोसारख्या इटालियन कंपन्या आल्या, त्यामुळं परदेशी पाहुण्यांनाही बॅन्जोचा प्रसाद मिळत असणार. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागात ७०. म्हणजे रात्रपाळी करून दिवसा एमआयडीसीलगतच्या पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या कामगाराला कायद्याची शांतताही कमीच येते. चार-चार, सहा-सहा जण पाळीपाळीनं एका खोलीत राहतात. शांत खोलीची गरज साहेबाइतकीच त्यालाही आहे, आणि त्याच्या खर्चाला कंपनीची सही नसते.

हॉटेलात शिरताना आणखी दोन गोष्टी पाहा, असं मी या मुलांना सांगतो. बॅग उचलणाऱ्या पोऱ्याशी तिथला मॅनेजर कसा बोलतो, ही पहिली. आणि काउंटरवर नाव लिहिताना, ते कुणाचंही असो, समोरचा माणूस मान वर करून दुसऱ्यांदा बघतो का, ही दुसरी. या दोन्ही ठिकाणी सगळं ठीक असेल, तर खुशाल किल्ली घ्या. कावळे ओरडले तरी झोप लागेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)