लाल कोटाला सल्ला कोण देणार?

१६ सप्टेंबर १९७४. कॅनडाच्या वेगवेगळ्या शहरांत ३२ तरुणींनी एकाच वेळी पोलिसांची शपथ घेतली. एकाच वेळी अशासाठी, की ‘पहिली महिला पोलीस’ हा मान कुणा एकीला मिळू नये. शंभर वर्षं फक्त पुरुषांचं असलेलं हे दल म्हणजे ‘रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस’, थोडक्यात आरसीएमपी. लाल कोट, रुंद काठाची टोपी आणि घोडा हे त्यांचं चित्र आपणही कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. या मुलींसाठी मात्र दलाने वेगळा गणवेश ठरवला. त्यात स्कर्ट होता आणि पर्सही होती.

४२ वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, दलाचे तेव्हाचे प्रमुख बॉब पॉलसन यांनी पत्रकारांसमोर दलातल्या महिलांची जाहीर माफी मागितली. जॅनेट मर्लो आणि लिंडा डेव्हिडसन यांनी दाखल केलेल्या दाव्यांमध्ये तडजोड झाली होती. १९७४पासून दलात छळ सोसलेल्या बायकांना भरपाई मिळणार होती. पुढे २,३०४ जणींचे दावे मान्य झाले आणि १२.५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम वाटली गेली.

इतकी वर्षं या बायका तक्रार घेऊन कुणाकडे जात होत्या? साहेबाकडे. साहेबाचीच तक्रार असेल तर त्याच्या साहेबाकडे. सगळ्यात वर कमिशनर, आणि त्याच्याही वर मंत्री. दलाच्या बाहेरचा, पण दलाचा कारभार आतून पाहू शकणारा माणूस या साखळीत कुठेच नव्हता.

याचं मूळ दलाच्या जन्मात आहे. १८७३मध्ये पंतप्रधान जॉन मॅकडोनल्ड यांनी पश्चिमेकडच्या विस्तीर्ण प्रदेशावर ताबा बसवण्यासाठी हे दल उभारलं, तेव्हा नमुना घेतला आयर्लंडच्या पोलिसांचा. ते बराकीत राहायचे, हुकमावर चालायचे आणि लोकांपेक्षा सरकारला उत्तर द्यायचे. हा साचा आपल्याही ओळखीचा आहे. १८६१च्या पोलीस कायद्याने भारतात जे पोलीस घडवले, त्यांच्यावरही याच आयरिश नमुन्याची छाप होती.

१९२०मध्ये दलाला आजचं नाव मिळालं आणि पुढे त्याचा पसारा वाढत गेला. आज हे दल देशपातळीवरचे गुन्हे हाताळतं, आणि बहुतेक प्रांतांत कराराने गावातलं पोलीस ठाणंही चालवतं. कर्मचारी ३० हजारांच्या घरात आहेत. कायदा सांगतो, की मंत्र्याच्या निर्देशाखाली दलाचं नियंत्रण आणि व्यवस्थापन कमिशनरने पाहायचं.

इथेच खरा पेच आहे. कुणाला अटक करायची, कुणाची चौकशी थांबवायची, हे मंत्री सांगू लागला तर पोलीस त्याच्या पक्षाचे होतात. १९९९मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गुन्ह्याचा तपास करताना कमिशनर सरकारचा नोकर नसतो, तो फक्त कायद्याला बांधील असतो. तत्त्व उत्तम. पण त्याची सावली लांबवर पडली. तपासाच्या बाबतीत मंत्र्याने अंतर राखणं योग्यच, पण बढत्या, बदल्या, पैसे, तक्रारी या रोजच्या कारभारालाही त्याच अंतराचा आडोसा मिळाला.

२००७मध्ये या आडोशामागचं थोडं बाहेर आलं. दलाच्या पेन्शन आणि विमा निधीच्या कारभारात गैरप्रकार झाले होते, आणि ते दाखवून देणाऱ्यांनाच त्रास सोसावा लागला होता. सरकारने डेव्हिड ब्राउन यांना चौकशीला नेमलं. ते पोलीस नव्हते, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या ऑन्टारियोच्या आयोगाचे माजी अध्यक्ष होते. दलाची घडीच मोडली आहे, असं त्यांचं मत झालं. त्यांच्या कार्यगटाने डिसेंबर २००७मध्ये सुचवलं, की दलावर बाहेरच्या लोकांचं एक व्यवस्थापन मंडळ असावं. सल्ल्यापुरतं नाही, कारभाराची जबाबदारी घेणारं. एखाद्या कंपनीवर संचालक मंडळ असतं, तसं.

ते मंडळ झालं नाही. सुधारणांवर लक्ष ठेवणारी एक तात्पुरती समिती आली आणि गेली. २०१२मध्ये मर्लो यांचा दावा उभा राहिला. २०१७मध्ये दोन स्वतंत्र अहवालांनी पुन्हा तेच सांगितलं: दलाच्या कारभारात बाहेरची नागरी माणसं आणा.

अखेर २०१९मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘व्यवस्थापन सल्लागार मंडळ’ आलं. त्यात जास्तीत जास्त १३ सदस्य असतात. नेमणूक सरकार करतं, काम अर्धवेळ असतं आणि मुदत जास्तीत जास्त चार वर्षांची. मनुष्यबळ, अंदाजपत्रक, नियोजन, जोखीम, आधुनिकीकरण या विषयांवर मंडळ कमिशनरला सल्ला देतं. कमिशनरने विचारलं तर देतं, आणि न विचारताही देऊ शकतं. सल्ला देताना त्याचा बायका, पुरुष आणि इतर लिंगओळखीच्या लोकांवर काय परिणाम होईल, हे पाहणं कायद्यानेच बंधनकारक केलं आहे. १९७४च्या त्या वेगळ्या गणवेशानंतर हे वाक्य कायद्यात यायला ४५ वर्षं लागली.

तपासाला बाधा येईल अशी माहिती मात्र मंडळाला मिळत नाही. म्हणजे तपास आणि कारभार यांच्यामधली जी रेघ पूर्वी पुसट होती, ती इथे ठळक ओढलेली दिसते. मंत्र्याला दूर ठेवूनही दलाची खिडकी उघडता येते, हे या रचनेने दाखवलं.

पण २००७ आणि २०१९ची नावं शेजारी ठेवून वाचा. ‘व्यवस्थापन मंडळ’ मागितलं होतं, मिळालं ‘व्यवस्थापन सल्लागार मंडळ’. एका शब्दाने अधिकार गेला. कमिशनरने सल्ला मानलाच पाहिजे असं बंधन नाही. मंडळाच्या हातात एकच छोटी किल्ली आहे: दिलेल्या सल्ल्याची प्रत किंवा सारांश ते मंत्र्याला देऊ शकतं. त्यामुळे सल्ला निदान कमिशनरच्या ड्रॉवरमध्ये गुपचूप पडून राहण्याची खात्री उरत नाही.

हे पुरेसं आहे का? महिलांचे दावे तपासणारे माजी न्यायमूर्ती मिशेल बास्तराश यांचा अहवाल नोव्हेंबर २०२०मध्ये आला, म्हणजे मंडळ स्थापन झाल्यानंतर. शेकडो बायकांशी बोलल्यावर त्यांचा निष्कर्ष असा होता, की दलाची विषारी संस्कृती आतून बदलेल असं वाटत नाही, बदल बाहेरूनच यायला हवा. सल्ला बाहेरून येतो खरा. पण तो अमलात आणायचा की नाही, हे अजूनही आतलाच माणूस ठरवतो.

आपल्याकडे गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ला, म्हणजे ब्राउन अहवालाच्या सव्वा वर्ष आधी, प्रत्येक राज्यात राज्य सुरक्षा आयोग नेमायला सांगितलं. आणि त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक असाव्यात, असंही बजावलं. महाराष्ट्राने २०१४मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून आयोगाची तरतूद केली. आता मित्रमंडळींत विचारून पाहा, अशा आयोगाचं नाव तरी किती जणांनी ऐकलंय.

म्हणून कॅनडाचं मंडळ मला यशाची गोष्ट वाटत नाही आणि फसवणूकही वाटत नाही. आधी जिथे भिंत होती, तिथे आता एक खिडकी आहे. तिच्यातून कुणी बोललं तर आतल्याने उत्तर द्यायला हवं, ही सक्ती अजून व्हायची आहे. ती झाली, तर तक्रार घेऊन पुढे येणाऱ्या एखाद्या कॉन्स्टेबलला चाळीस वर्षं थांबावं लागणार नाही.